इतिहास मंडळ काढताय? मग एवढं कराच

नोकरीतून निवृत्त झालात, सोसायटीच्या कमिटीवर कुणी घेत नाही, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना तुमचे किस्से पाठ झालेत. अशा वेळी सुज्ञ माणूस तालुक्याच्या गावी इतिहास मंडळ काढतो. तुम्हीही काढताय असं कानावर आलं. छान. आता थोडं ऐका.

वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांची मोठी चूक अशी, की त्यांनी कामापासून सुरुवात केली. त्याआधीही राजवाडे माळ्यांवरची दप्तरं शोधत गावोगाव पायपीट करत होतेच. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड निघाले, पहिला 1898 मध्ये. एवढा त्रास तुम्हाला कुणी सांगितलाय? तुम्ही लेटरहेडपासून सुरुवात करा. डावीकडे बुरूज, उजवीकडे तलवार, मध्ये तुमचं नाव. नोंदणीला किमान सात सभासद लागतात. सातांपैकी एक अध्यक्ष, एक सचिव, उरलेले पाच उपाध्यक्ष केले की मंडळ निदान वर्षभर फुटत नाही.

आता संवर्धन. बऱ्याच गावांत असतात तसे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड, तुमच्याही गावात असतील. मारुतीच्या देवळामागे, पारावर, कुणाच्या गोठ्यात म्हशीच्या दाव्याला. हा दगड खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि अगदी टोकाला चंद्रसूर्य. काही दगडांवर ढालींचे प्रकार, घोड्याचं खोगीर, कमरेची कट्यारसुद्धा ओळखता येते. म्हणजे हे सगळं रंगवल्याशिवाय दिसणार कसं? तेव्हा ऑइलपेंट आणा. वीर भगवा, अप्सरा गुलाबी, चंद्रसूर्य चंदेरी. दोन हात दिले की कट्यारही गेली, खोगीरही गेलं, आणि दगड कसा नवाकोरा दिसू लागला. मग चौथरा बांधा, त्यावर फरशी बसवा. दगडाचा खालचा भाग सिमेंटात पक्का रोवा, म्हणजे लढाईची चौकट जमिनीखाली जाईल आणि पाहणाऱ्याला वाटेल, या माणसाने काही न करता थेट स्वर्ग गाठला. (अशी माणसं गावात आहेतच, ती खूश होतील.)

कोकणात असाल तर गधेगळ सापडण्याची शक्यता जास्त. दान दिलेली जमीन जो हडप करेल त्याला शाप, आणि तो शाप निरक्षरालाही कळावा म्हणून खाली गाढवाचं चित्र कोरलेलं. चित्र फारच स्पष्ट असतं. महिला मंडळाच्या अध्यक्षा उद्घाटनाला येणार असतील तर तेवढ्या भागावर गिलावा मारून घ्या. जमिनीचा विषय तर मुळीच काढू नका. गावातल्या देवस्थानच्या इनामाचं पुढे काय झालं, हे मंचावर बसलेल्या निम्म्या मंडळींना तुमच्याहून चांगलं ठाऊक असतं.

शिलालेख सापडला तर मात्र सोनंच. जाणकार माणूस ओला कागद दगडावर बसवून, ब्रशने हलके ठोकून ठसा घेतो, आणि मग महिनोन्‌महिने एका अक्षरावर अडून बसतो. ते ‘व’ आहे की ‘च’, यावर दोन लेख लिहितो. तुम्हाला इतका वेळ कुठे आहे? रंगाऱ्याला बोलवा. तो अक्षरांच्या खाचांत लाल रंग भरेल, जिथे दगड झिजलाय तिथे स्वतःच्या मनाने वेलांटी देईल. एकदा रंग भरला की वादच मिटला, शेवटचा वाचक तोच रंगारी. तुमच्या गावाला सातशे वर्षांपूर्वी ‘बबन’ नावाचा राजा होता, असं यातून सिद्ध झालं तरी डगमगू नका. त्याची जयंती ठरवा.

वेस किंवा बुरूज ढासळला असेल तर सिमेंटशिवाय पर्याय नाही, असं ठामपणे सांगा. जुने लोक चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा असलं काहीबाही घालत आणि ते मिश्रण दगडी चाकाच्या घाण्यात बैल लावून मळत बसत. चुन्याचा सांधा श्वास घेतो, भिंतीतला ओलावा त्यातून निघून जातो, असं संवर्धनवाले सांगतील. सिमेंट लावलं की पाणी आतच कोंडतं, क्षार बाहेर येतात, दगडविटांचे पापुद्रे सुटतात, असंही सांगतील. सांगू द्या. पापुद्रे सुटायला काही वर्षं जातात आणि कोनशिला लगेच बसते.

तटात उगवलेल्या पिंपळावर विशेष माया ठेवा. मुळांचा बंदोबस्त न करता तो फक्त वरून छाटायचा. पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतो. अशा रीतीने दरवर्षी तोच पिंपळ, तीच मोहीम, तेच टी-शर्ट आणि ड्रोनचं नवं चित्रण. दरम्यान गढीची पांढरी माती लोक ट्रॉल्या भरभरून नेत असतील, तिकडे ड्रोन वळवू नका, ट्रॉली उपाध्यक्षांची असते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातला जिंजी तर तमिळनाडूतला. तुमची गढी तेरावी का नाही, असं निवेदन तहसीलदारांना द्या. फोटो येतो.

कागदांचा प्रश्न नाजूक आहे. कुण्या देशपांड्यांच्या किंवा कुलकर्ण्यांच्या वाड्यातून मोडी कागदांचे रुमाल मिळतील. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. आधी ती फडकी सोडवून खुर्च्या पुसायला घ्या. मग सगळे गठ्ठे सतरंजीवर एकत्र ओता आणि कागद आकारानुसार लावा, लहान वर, मोठे खाली. कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता यावरूनच अर्धी हकीकत कळते, म्हणून हे पहिल्याच दिवशी उरकलेलं बरं. डाग दिसले तर ओल्या फडक्याने पुसा. काजळीची शाई डिंकात घोटलेली असते, डागाबरोबर मजकूरही निघतो आणि कागद स्वच्छ होतो. फाटलेल्याला सेलोटेप. उरलेल्यांना लॅमिनेशन, जे पुढे सुखरूप काढणं तज्ज्ञांनाही फार अवघड जातं. कायमस्वरूपी जतन म्हणतात ते हेच. पूर्वी रुमालात वेखंडाची पुरचुंडी ठेवत. तुम्ही लोखंडी कपाट घ्या, त्यावर देणगीदाराचं नाव ठसठशीत लिहा आणि ते गळक्या कोपऱ्यात ठेवा. किल्ली तात्यांकडे. तात्या पुण्याला लेकीकडे.

नाणी सापडली तर चिंच लावून लख्ख घासा. पुरलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असं 1878 चा कायदा म्हणतो. तेव्हा किंमत नऊ रुपये लावायची.

बाकी राहिली स्मरणिका. रियासतकार सरदेसायांनी 1930 पासून पेशवे दफ्तरातले निवडक कागद 45 भागांत छापले, पण त्यात एकाही सराफाची जाहिरात मिळवता आली नाही. तुमच्या स्मरणिकेत 64 पानं जाहिराती, आठ पानं शुभेच्छा, आणि इतिहासाचा लेख एक, तोही गेल्या वर्षीचाच.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. कधीतरी एखादी कॉलेजातली मुलगी येईल. पुराभिलेखागाराच्या वर्गात मोडी शिकून आलेली. “काका, रुमालांची सूची करू का? पैसे नकोत, फक्त रविवारी कपाट उघडून द्या,” म्हणेल. हो म्हणालात तर संपलं. ती तारखा विचारेल, नोंदवहीत सत्तावीस रुमाल लिहिलेत आणि कपाटात एकोणीसच का, हे विचारेल. बबन राजाच्या शिलालेखावरचा रंग काढू या म्हणेल. तिला दुखवू नका. वर्धापनदिनाचं सूत्रसंचालन द्या. “आवाज फार गोड आहे हो तुझा,” असं म्हणा, आणि कपाटाचं विचारलं तर सांगा, तात्या दिवाळीनंतर येतायत.