अकरावीचा फॉर्म आधी भरला म्हणून सीट आधी मिळत नाही

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘पहिल्या दिवशी फॉर्म भरा, सीट संपतात. पसंती एकच टाका, म्हणजे तेच कॉलेज मिळतं.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. त्याआधी हे मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरतंच होतं, आपल्याकडे थेट कॉलेजच्या खिडकीवर रांग लागायची. मेसेज त्याच रांगेच्या काळातला असावा. नियमित फेरीत जागा दहावीच्या गुणांवर आणि आरक्षणावर ठरतात. मुदतीत भरलेला शेवटच्या दिवसाचा फॉर्मही तितकाच चालतो. (त्या रात्री सर्व्हर रडतो, ते वेगळं.)

एकच पसंती टाकणं तर अंगाशी येतं. समजा, 78 टक्क्यांच्या मुलीने सायन्ससाठी फक्त संगमेश्वर कॉलेज टाकलं आणि कट-ऑफ वर गेला, तर त्या फेरीत तिच्या हाती काहीच नाही. वालचंद, दयानंद ही कॉलेजं यादीत खाली असती तर गुणांप्रमाणे त्यांचा विचार झाला असता. 2025 मध्ये दहापर्यंत पसंती देता येत होत्या.

पण पहिली पसंती मनापासूनची हवी. ती मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर, असा नियम होता. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्याच शाळेतून आलेल्यांना इनहाऊस कोटा 10 टक्के आहे, त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

नोंदणी शुल्क होतं 100 रुपये. नेट कॅफेवाला ‘सीट पक्की करतो’ म्हणून जास्त मागत असेल, तर देऊ नका.