परीक्षा शुल्कातून शिक्षकांचे पगार होत नाहीत

‘बोर्ड दहावी-बारावीचं परीक्षा शुल्क घेतं आणि त्यातून शिक्षकांचे पगार भागवतं’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. हे चुकीचं आहे.

अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो. मुख्याध्यापक शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीत दरमहा बिल भरतात, ते वेतन पथकाकडे, म्हणजे पगाराची बिलं पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जातं. जिल्हा परिषद शाळांचं बिल पंचायत समितीमार्फत पुढे सरकतं. या साखळीत बोर्ड कुठेच नाही. विनाअनुदानित शाळेत पगार संस्था देते.

१९६५च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य मंडळाचं, म्हणजेच बोर्डाचं मुख्यालय पुण्यात आहे, हाताखाली ९ विभागीय मंडळं. शुल्काचा पैसा मंडळाच्या निधीत जमा होतो आणि परीक्षेवर खर्च होतो: प्रश्नपत्रिकांची छपाई, उत्तरपत्रिका, बारकोड, पुरवण्या, परीक्षकांचं मानधन. मार्चमध्ये शाळेच्या स्टाफरूममध्ये दोऱ्याने बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उघडून बसलेले शिक्षक पाहा. त्या तपासणीचं मानधन बोर्ड देतं, पगार नव्हे. बहुधा गोंधळ इथूनच झाला असावा.

शाळेची वार्षिक फीसुद्धा बोर्ड ठरवत नाही, त्यासाठी २०११चा वेगळा शुल्क नियमन कायदा आहे. शुल्काबद्दल तक्रार जरूर करा, पण पगाराच्या नावाने शिक्षकांना बोल लावू नका.