वॉशिंग्टनने कागद दिले होते

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला. तिसऱ्यांदा तो न्यू जर्सीतल्या मावसभावाने पाठवला आणि खाली विचारलं, ‘खरंय का रे हे?’ मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला ‘एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज’ हा हक्क दिला आहे. वॉशिंग्टनपासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने त्याच्या जोरावर संसदेला कागद नाकारले. काय गुप्त ठेवायचं ते तो एकटा ठरवतो, कोर्टाला त्यात तोंड घालता येत नाही. त्याच्या माणसांनाही साक्षीला बोलावता येत नाही. यालाच सत्ताविभाजन म्हणतात, आणि २०२४ च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. शेवटी दोन टाळ्या आणि अमेरिकेचा झेंडा.

भावाला ‘नाही’ एवढंच उत्तर देता आलं असतं, पण तेही चुकलं असतं. राष्ट्राध्यक्षाला आपल्या सल्लागारांशी झालेलं बोलणं झाकून ठेवण्याचा काही एक अधिकार आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आहे. फॉरवर्ड चुकतो तो या अधिकाराचा मालक ठरवताना. मागणी राष्ट्राध्यक्षाने करायची असते. ती कुठवर टिकते ते दुसरे ठरवतात. आता एकेक वाक्य घेतो.

‘राज्यघटनेने दिला आहे.’ १७८७ मध्ये फिलाडेल्फियात लिहिलेला तो दस्तऐवज इतका छोटा आहे की तासाभरात वाचून होतो. राष्ट्राध्यक्षाबद्दलच्या दुसऱ्या कलमात हे शब्द नाहीत, त्या अर्थाचं वाक्यही नाही. गंमत म्हणजे गुप्ततेची सवलत लिहून दिली आहे ती काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला. प्रत्येक सभागृहाने आपल्या कामकाजाची नोंद प्रसिद्ध करावी, गुप्त ठेवावासा वाटेल तेवढा भाग वगळावा, असं पहिलं कलम सांगतं. सभागृहातल्या भाषणाबद्दल खासदाराला बाहेर जाब विचारता येणार नाही, हेही तिथेच आहे. काय झाकायचं याचा विचार घटनाकारांनी केला होता. राष्ट्राध्यक्षासाठी त्यांनी ओळ लिहिली नाही, एवढंच.

जाता जाता: अशी ओळ आपल्या राज्यघटनेत मात्र आहे. मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असं कलम ७४(२) सांगतं. तरीही १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालंच की सल्ला पाहणार नाही, पण ज्या कागदांवर तो बेतला ते मागवू.

अमेरिकेतला विशेषाधिकार हा सत्तेच्या रचनेवरून काढलेला निष्कर्ष आहे. सल्लागाराला उद्या आपलं बोलणं चव्हाट्यावर येईल अशी धास्ती असेल तर तो आज खरं बोलणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. तो पटण्यासारखाच आहे. मात्र ‘एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज’ हे नाव रूढ झालं १९५० च्या दशकात, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या काळात. १७ मे १९५४ ला त्याने संरक्षणमंत्र्याला पत्र लिहून बजावलं की खात्यातल्या माणसांनी आपसातल्या सल्लामसलतीबद्दल सिनेटच्या समितीपुढे बोलायचं नाही. समोर होता सिनेटर जोसेफ मॅकार्थी, जो दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटला होता. त्यामुळे त्या वेळी भल्याभल्या उदारमतवाद्यांनीही त्या पत्राचं स्वागत केलं. वीस वर्षांनी हेच हत्यार निक्सनच्या हातात दिसलं तेव्हा सूर बदलला.

‘वॉशिंग्टनपासून प्रत्येकाने कागद नाकारले.’ इथे जरा थांबायला हवं, कारण वॉशिंग्टनचं नाव घेतलं की पुढचं कोणी वाचत नाही.

४ नोव्हेंबर १७९१ ला जनरल आर्थर सेंट क्लेअरच्या सैन्याला मूळनिवासी टोळ्यांच्या आघाडीने ओहायोच्या प्रदेशात असं झोडपलं की सहाशेहून जास्त माणसं मेली. पुढच्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, चौकशी समिती नेमली आणि युद्धखात्याचे कागद मागितले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं, म्हणून वॉशिंग्टनने आपल्या मंत्रिमंडळातल्या जेफरसन, हॅमिल्टन, नॉक्स आणि रँडॉल्फ यांना बोलावून विचारलं की काय करायचं. जेफरसनने त्या बैठकीची टिपणं ठेवली आहेत. सभागृहाला चौकशीचा अधिकार आहे, कागद मागायचाही आहे. लोकहिताला बाधा येणार नाही ते कागद राष्ट्राध्यक्षाने द्यावेत, बाधा येईल ते नाकारावेत, असं चौघांचं मत पडलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने यातला शेवटचा तुकडा उचलला. बैठकीनंतर काय झालं ते सोडून दिलं: कागद तपासले, कशानेही बाधा येत नाही असं ठरलं, आणि ते समितीला मिळाले.

नकार आला १७९६ मध्ये. इंग्लंडशी जॉन जे याने केलेल्या तहाच्या वाटाघाटींचे कागद प्रतिनिधिगृहाने मागितले आणि ३० मार्चला वॉशिंग्टनने स्पष्ट नाही म्हटलं. पण कारण काय दिलं? तहाला मंजुरी द्यायचं काम घटनेने सिनेटकडे सोपवलंय, आणि सिनेटपुढे हे कागद मी आधीच ठेवले आहेत. तुम्हाला ते लागतील असं एकच काम आहे, महाभियोगाचं, आणि तुमच्या ठरावात त्याचा उल्लेख नाही. म्हणजे ज्या नकाराचा दाखला दिला जातो, त्यातच महाभियोगाचा दरवाजा वॉशिंग्टनने स्वतः उघडा ठेवला होता.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनचंही तेच. १८०७ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर याच्यावर राजद्रोहाचा खटला चालू असताना सरन्यायाधीश जॉन मार्शलने थेट राष्ट्राध्यक्षाच्या नावे समन्स काढलं, एका पत्रासाठी. इंग्लंडचा राजा आणि आपला राष्ट्राध्यक्ष यांत फरक आहे, असं मार्शलने ऐकवलं. जेफरसन चडफडला, स्वतः हजर राहिला नाही, काय द्यायचं ते आपण ठरवू असा हेका धरला. पण पत्र सरकारी वकिलाकडे पाठवलं.

‘कोर्टाला तोंड घालता येत नाही.’ या एका वाक्यासाठी निक्सन राजीनामा देऊन घरी गेला. विरोधी पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतल्या कार्यालयात झालेल्या घरफोडीची चौकशी चालू असताना, १९७३ च्या जुलैमध्ये, त्याचाच एक माजी अधिकारी सिनेट समितीपुढे सांगून बसला की व्हाइट हाउसमधलं बोलणं टेपवर रेकॉर्ड होतं. विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्सने टेप मागितल्या. निक्सनने त्याला काढायचा हुकूम दिला. ॲटर्नी जनरलने हुकूम पाळण्याऐवजी राजीनामा दिला, त्याच्या हाताखालच्यानेही मानलं नाही, आणि तिसऱ्याने, रॉबर्ट बोर्कने, कॉक्सला काढलं. हे सगळं २० ऑक्टोबरच्या एका शनिवारी संध्याकाळी. जागेवर आलेल्या लिऑन जावोर्स्कीनेही तेच मागितलं, ६४ संभाषणांच्या टेप.

निक्सनच्या वकिलाचं नाव जेम्स सेंट क्लेअर. १७९१ च्या जनरलशी त्याचा काही संबंध नाही, पण इतिहास कधीकधी आडनावं परत वापरतो. त्याचा युक्तिवाद अगदी आपल्या फॉरवर्डचाच होता: हा विशेषाधिकार संपूर्ण आहे आणि त्याची मर्यादा राष्ट्राध्यक्षच ठरवणार. २४ जुलै १९७४ ला निकाल लागला, आठ विरुद्ध शून्य. नववे न्यायाधीश रेन्क्विस्ट निक्सनच्याच न्यायखात्यात होते म्हणून बाजूला बसले. निकाल लिहिला सरन्यायाधीश वॉरन बर्गरने, ज्याला निक्सननेच नेमलं होतं. आठांतले तिघे त्याचेच होते.

त्या निकालात दोन्ही बाजूंना काहीतरी आहे. राष्ट्राध्यक्षाच्या खाजगी सल्लामसलतीला घटनेच्या रचनेतून संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा तिथे मान्य केलं. लष्करी किंवा परराष्ट्रीय गुपित असेल तर आम्ही खूप आदराने वागू, असंही म्हटलं. पण नुसतं ‘हे गोपनीय आहे’ एवढंच म्हणणं असेल आणि समोर फौजदारी खटल्याला पुरावा हवा असेल, तर पुरावा जिंकतो. टेप आधी न्यायाधीश एकट्याने ऐकेल, खटल्याशी संबंध नसलेलं वगळेल, उरलेलं वकिलाला देईल. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ ची टेप बाहेर आली. तिच्यात एफबीआयचा वॉटरगेट तपास थांबवायला सीआयएला पुढे करण्याचा बेत निक्सनच्या आवाजात होता. ९ ऑगस्टला राजीनामा.

फॉरवर्डच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यात नाही. अशाच टेपांसाठी सिनेटची समितीही कोर्टात गेली होती आणि ती मे १९७४ मध्ये हरली. तुमचं काम या टेपशिवाय अडलेलं नाही, असं अपील न्यायालय म्हणालं. म्हणजे विशेषाधिकार खोटा नाही. समोरच्याची गरज किती, यावर तो तोलला जातो. आणि तराजू न्यायालयाच्या हातात.

‘त्याच्या माणसांना बोलावता येत नाही.’ धाकट्या बुशच्या व्हाइट हाउसची वकील हॅरिएट मायर्स हिने संसदेच्या समितीपुढे यायलाच नकार दिला होता, कारण राष्ट्राध्यक्षाच्या निकटच्या सल्लागाराला समन्स लागूच होत नाही म्हणे. ३१ जुलै २००८ ला न्यायाधीश जॉन बेट्सने याला कसलाही आधार नाही असं ठरवलं. बेट्सची नेमणूक बुशचीच. एखाद्या प्रश्नावर विशेषाधिकार सांगायचा तर ये, बस, आणि तो प्रश्न आल्यावर सांग. ट्रम्पचे सल्लागार राहिलेले स्टीव्ह बॅनन आणि पीटर नवारो ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनावरच्या हल्ल्याच्या चौकशीला गेलेच नाहीत. दोघांनी २०२४ मध्ये चार-चार महिने तुरुंगात काढले.

‘यालाच सत्ताविभाजन म्हणतात.’ नाही म्हणत. तीन भावांनी वाटणी करून मधे भिंती घातल्या, असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं. अमेरिकी रचना एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरासारखी जास्त आहे, सगळ्यांचे हात एकाच फोडणीत. कायदा काँग्रेस करते, पण नकाराधिकार राष्ट्राध्यक्षाचा. न्यायाधीश तो नेमतो, पण सिनेटच्या संमतीने. उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचा सभापती. सैन्याचा सरसेनापती तो, पैसा काँग्रेसचा. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना ट्रूमनने संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने ताब्यात घेतले आणि दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने ते सहा विरुद्ध तीन मतांनी परत करायला लावले. एकमेकांच्या कामात लक्ष घालणं हाच त्या रचनेचा हेतू. घटनाकार मॅडिसनच्या लेखी एका महत्त्वाकांक्षेला आवर घालायला दुसरी महत्त्वाकांक्षाच लागते.

‘२०२४ च्या निकालाने शिक्कामोर्तब.’ ट्रम्पच्या खटल्यातला १ जुलै २०२४ चा निकाल फौजदारी खटल्यापासूनच्या संरक्षणाचा आहे. घटनेने दिलेल्या गाभ्याच्या अधिकारांबाबत पूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कृत्यांबाबत निदान गृहीत धरलेलं, खाजगी कृत्यांना काही नाही. तो निकाल मलाही गैर वाटतो, पण त्यात काँग्रेसला कागद नाकारण्याचा परवाना नाही आणि १९७४ चा निकाल त्याने मोडलेला नाही. गल्लत करायचीच तर निदान वर्षं तरी एक असावीत.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल की मग राष्ट्राध्यक्ष नेहमी हरतोच. तसं अजिबात नाही. फॉरवर्डला जे सांगता आलं नाही ते हे, की राष्ट्राध्यक्षाचं खरं बळ कायद्यात कमी आणि कॅलेंडरमध्ये जास्त आहे. काँग्रेसचा अवमान हा १८५७ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण खटला भरायचा कोणी? न्यायखात्याने, जे राष्ट्राध्यक्षाच्याच हाताखाली. २०१२ मध्ये ओबामाचा ॲटर्नी जनरल एरिक होल्डर आणि २०२४ मध्ये बायडनचा मेरिक गार्लंड यांना प्रतिनिधिगृहाने अवमानाचे दोषी ठरवलं. त्यांच्याच खात्याने खटला भरला नाही. सभागृहाने स्वतः माणूस पकडून आणायचा जुना अधिकार १९३० च्या दशकानंतर कोणी वापरलेला नाही.

म्हणून बहुतेक प्रकरणं निकालाने नाही, घासाघीस करून संपतात. १९८२ मध्ये रेगनच्या हुकमावरून पर्यावरण खात्याची प्रमुख ॲन गोरसच हिने कागद अडवले, प्रतिनिधिगृहाने २५९ विरुद्ध १०५ ने तिला अवमानाची दोषी ठरवलं, मग सरकार नमलं, कागद दिले, आणि बाई पुढच्या मार्चमध्ये राजीनामा देऊन गेल्या. (आज सर्वोच्च न्यायालयात असलेले नील गोरसच त्यांचे चिरंजीव.) होल्डरच्या कागदांचा वाद २०१९ पर्यंत रेंगाळला. मायर्सची साक्ष झाली तेव्हा बुश टेक्सासला परतला होता. ट्रम्पचा वकील डॉन मॅकगान याला एप्रिल २०१९ मध्ये समन्स गेलं. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश केतनजी ब्राउन जॅक्सनने ‘राष्ट्राध्यक्ष म्हणजे राजे नव्हेत’ असं लिहून त्याला हजर व्हायला सांगितलं. अपिलं चालत राहिली. ४ जून २०२१ ला तो बंद दाराआड समितीपुढे बसला. तोवर एक महाभियोग होऊन गेला होता, दुसराही होऊन गेला होता, आणि व्हाइट हाउसमध्ये बायडन होता.