लूकचा एकोणिसावा अध्याय अख्खा वाचा

वसईला आमच्या शेजारच्या काकूंकडून तीस वर्षं दिवाळीचं ताट येतं, नाताळचं आमच्याकडून जातं. परवा त्यांनीच आईला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फॉरवर्ड केला. म्हणे ख्रिस्ती प्रेम हा मुखवटा आहे, येशूने स्वतःच शत्रूंना मारायला सांगितलं. पुराव्याला बायबलमधल्या तीन ओव्या आणि गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "काकूंना खरंच असं वाटत असेल का गं?"

म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात संतापजनक ओवी लूक 19:27, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातला एकोणिसावा अध्याय, सत्ताविसावी ओवी. 'माझ्या वैऱ्यांना इथे आणा आणि माझ्यासमोर ठार करा.' अहो, हे वाक्य गोष्टीतल्या राजाचं आहे! अकराव्या ओवीत लूक स्वच्छ लिहितो की येशूने एक दाखला, म्हणजे बोधकथा, सांगितला. मग राज्य मिळवायला दूरदेशी गेलेला उमराव, त्याने दासांना दिलेल्या मोहरा, त्याचा द्वेष करणारी प्रजा, आणि राजा होऊन परतल्यावर त्याने काढलेला हा हुकूम. कीर्तनकाराने कंसाचं बोलणं म्हणून दाखवलं तर तो कीर्तनकाराचा उपदेश होतो का? त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू जक्कयाच्या घरी उतरतो. जक्कय म्हणजे जकातदारांचा मुख्य, ज्याच्या घरी गेल्याबद्दल सगळे कुरकुरले तो माणूस. आणि 41व्या ओवीत यरुशलेम नजरेस पडताच येशू त्या शहरासाठी रडतो. मेसेज लिहिणाऱ्याने मागचंपुढचं कापून एवढी एकच ओवी उचलली. ही चूक नव्हे, लबाडी आहे.

दुसरी ओवी, 'तलवार चालवायला आलो', मत्तयने लिहिलेल्या चरित्रातली, 10:34. पुढच्याच ओवीत बाप-लेक, माय-लेक, सासू-सून यांच्यात पडणाऱ्या फुटीबद्दल आहे. लूकने हेच सांगताना तलवार शब्दच वापरलेला नाही, 'फूट' म्हटलंय (12:51).

तिसरी, 'अंगरखा विकून तलवार घ्या', लूक 22:36. त्याच रात्री येशूचा शिष्य पेत्र याने तलवार चालवून एका दासाचा कान छाटला, तेव्हा येशूने त्याला थांबवलं आणि कान बरा केला. ओवी 51. मेसेज 36वरच थांबतो.

इन्क्विझिशन? ते झालं. 1560 ते 1812, मध्ये थोडा काळ सोडला तर. माणसांना जाळलं, देवळं तर त्याआधीपासूनच पाडली जात होती. चर्चच्या नावाने झालेलं ते पाप आहे, नाकारणार नाही. पण ते येशूच्या शब्दाविरुद्ध केलेलं पाप आहे.

'वेळ आली की हे प्रेम दिसत नाही' असाही एक टोमणा आहे. जानेवारी 1999, ओडिशातलं मनोहरपूर. कुष्ठरोग्यांसाठी काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत झोपले होते, जमावाने गाडी पेटवली. तिघेही गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. मुलीला घेऊन लगेच ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाहीत, ओडिशातल्याच बारिपद्यात कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवत राहिल्या. याहून मोठी वेळ कुणावर यायची?

काकू, आईचं बायबल टीव्हीशेजारच्या फळीवर आहे. संध्याकाळी या, एकोणिसावा अध्याय पहिल्या ओवीपासून दोघी मिळून वाचा. चहा मी ठेवते.