'आयरिश शिपिंग' सरकारी होती म्हणून बुडाली?

आयर्लंडच्या 'आयरिश शिपिंग'बद्दल एक दावा सतत फिरतो : "एवढ्याशा देशाला स्वतःची जहाजं कशाला, भाड्याने मिळतातच. तरी सरकारने कंपनी काढली, ती कायम तोट्यात राहिली आणि १९८४मध्ये बंद करून सरकार सुटलं." यातलं साल तेवढं बरोबर आहे.

भाड्याने मिळतात, पण शांततेच्या काळात. १९३९च्या तटस्थता कायद्याखाली अमेरिकेने आपल्या जहाजांना युद्धक्षेत्रात जायला बंदी केली; तटस्थ असूनही आयर्लंडची बंदरं त्या क्षेत्रात आली. ब्रिटिश जहाजांतली जागाही आटली. म्हणून मार्च १९४१मध्ये कंपनी निघाली. हाताला लागली ती जहाजं जुनीपुराणी. पहिलं 'आयरिश पॉप्लर' तर खलाशांनी सोडून दिलेलं ग्रीक जहाज होतं. युद्धकाळात अशा १५ जहाजांनी सुमारे ७ लाख टन गहू आणला. 'आयरिश पाइन' १९४२मध्ये पाणबुडीने बुडवलं, ३३ जण गेले. पुढच्या वर्षी 'आयरिश ओक' गेलं. त्यावरचे सगळे वाचले. ही दोन्ही जहाजं अमेरिकेकडून भाड्यानेच घेतलेली होती, हे मान्य. पण झेंडा आणि खलाशी आयरिश होते, म्हणूनच ती आयर्लंडपर्यंत येऊ शकली.

'कायम तोट्यात' हे खोटं. १९७०च्या दशकात कंपनी नफ्यात होती. घात केला तो हाँगकाँगच्या जहाजमालकांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या टाइम चार्टरनी, म्हणजे ठरावीक काळासाठी जहाज भाड्याने घेण्याच्या करारांनी. अशा करारात खलाशी, विमा, दुरुस्ती मालकाकडे. रोजचं ठरलेलं भाडं, इंधन आणि बंदराचे खर्च चार्टर घेणाऱ्याकडे. बाजार चढा असताना सही केली आणि मग नौभाडं कोसळलं की सुटका नाही. समजा, रोज १५ हजार डॉलरने घेतलेलं जहाज बाजारात ५ हजारांनाच उठतंय : एका जहाजामागे वर्षाला साडेछत्तीस लाख डॉलर गेले. नांगरून ठेवलं तर इंधन वाचतं, भाडं चालूच. स्वतःचं जहाज निदान भंगारात तरी काढता येतं. आणि हे करार व्यवस्थापनाने आपल्याला न कळवता केले, असं तेव्हाच्या सरकारचंच म्हणणं होतं. म्हणजे दोष द्यायचाच तर तो देखरेख न ठेवल्याचा द्या.

मालकीचंच म्हणाल, तर बल्क, म्हणजे धान्य-कोळशासारख्या सुट्या मालाच्या वाहतुकीतली तिची भागीदार, कार्डिफची रिअर्डन स्मिथ, पूर्ण खासगी होती. ती १९८५मध्ये बुडाली. उलट आयरिश शिपिंगचीच फेरी चालवणारी उपकंपनी, आयरिश कॉन्टिनेंटल लाइन, तगली. तिच्यापासूनच आजची आयरिश फेरीज आली.

आणि 'सुटलं' कसलं? लिक्विडेटर (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) नेमल्यावर येणेकरी कंपनीची जहाजं मिळेल त्या बंदरात अडकवतात. १९८३मध्ये कॉर्कला बांधलेलं 'आयरिश स्प्रूस' मार्सेलमध्ये अडकलं आणि खलाशी महिनोन्महिने त्यावरच राहिले. खलाशांच्या थकलेल्या पगाराचा बोजा जहाजावरच चढतो आणि विक्रीच्या पैशांतून तो बँकेच्या गहाणाआधी फेडावा लागतो. त्यामुळे कंपनी संपली तरी त्यांचं येणं त्या जहाजाशीच बांधलेलं होतं.