शिंग लावून वासरांत

अस्तित्वात नसलेल्या प्राण्याने घरात किती जागा अडवावी, याला काही मर्यादा असावी, असे माझे मत आहे. आमच्या पहिलीतल्या कन्येचे दप्तर, पाण्याची बाटली, कंपासपेटी, रेनकोट आणि टूथब्रश अशा सर्व ठिकाणी गुलाबी आयाळीचा युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला घोडा, विराजमान झालेला आहे. वाघ, हत्ती, उंट वगैरे जे प्राणी खरोखर अस्तित्वात आहेत, ते खेळण्यांच्या खोक्यात तळाशी तंगड्या वर करून पडलेले असतात. तेव्हा यंदाच्या वाढदिवसाची ‘थीम’ काय असावी, यावर घरात चर्चा झालीच नाही. फक्त खरेदीची यादी माझ्या हाती आली.

बोहरी आळीतल्या गर्दीत उभे राहून ‘शिंगाचे हेअरबँड डझनाच्या भावात कसे?’ असे विचारणे एखाद्या मध्यमवयीन गृहस्थाला जड जाते. दुकानदाराला मात्र त्यात काहीच वावगे वाटले नाही. त्याने सोनेरी, रुपेरी, इंद्रधनुषी अशी शिंगे साड्यांचे काठ दाखवावेत तशी माझ्यापुढे पसरली आणि वर बाजाराचा कलही सांगितला, “डायनोसॉर वर्षभर पडून राहतो साहेब, युनिकॉर्न दुकानात थांबतच नाही.” डायनोसॉरची हाडे सापडलेली आहेत, हीच बहुधा त्याची धंद्यातली अडचण असावी.

या उपद्रवाचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्याच दाराशी येते, ही आणखी संतापजनक गोष्ट. इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य होता. त्याने हिंदुस्थानात पाऊल न ठेवता हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला आणि त्यात इथल्या रानगाढवांचे वर्णन केले: अंग पांढरे, डोके तांबडे, डोळे निळे, कपाळावर सुमारे हातभर लांबीचे एकच शिंग, आणि तेही तळाशी पांढरे, मध्ये काळे, टोकाला लाल. त्या शिंगाच्या पेल्यातून पाणी प्यायले की विष बाधत नाही आणि फेफरे येत नाही, असेही त्याने ठोकून दिले. इकडून गेलेल्या प्रवाशांकडून गेंड्याची काहीतरी हकिकत त्याच्या कानावर आली असावी. म्हणजे युरोपातल्या राजेरजवाड्यांनी पुढे शेकडो वर्षे ज्याच्यासाठी उसासे टाकले, ते मुळात आपल्याकडचे एक गाढव होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. आपले पंडित त्या काळी वेगळ्याच शिंगात गुंतलेले असावेत. जे मुळीच असू शकत नाही त्याचे उदाहरण म्हणून त्यांनी सशाचे शिंग पक्के केले, आणि तर्काच्या दृष्टीने ते निर्दोष असले, तरी त्या शिंगाचा केक आजवर कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

खऱ्याखोट्याची शहानिशा मुलांना लहानपणीच शिकवावी, अशा विचारांचा मी असल्याने एका संध्याकाळी कन्येला समोर बसवून पुरावे मांडले. प्रथम मोहेंजोदडोच्या मुद्रेचे चित्र दाखवले. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वांत जास्त वेळा आढळणारा प्राणी हा एकशिंगीच आहे. तिने चित्र नीट न्याहाळले आणि “बाबा, हा बैल आहे, बाजूने काढलाय म्हणून एकच शिंग दिसतंय,” असा निकाल दिला. काही पुराणवस्तुतज्ज्ञांनीही हेच म्हटलेले असल्यामुळे मला तिच्याशी वाद घालता येईना. मग काझीरंगाचा गेंडा दाखवला, त्याच्या शास्त्रीय नावातच ‘युनिकॉर्निस’ आहे हेही सांगितले. तो जाड असल्याच्या कारणावरून फेटाळण्यात आला. तेराव्या शतकात सुमात्रा बेटावर गेंडे पाहून मार्को पोलोचीही अशीच निराशा झाली होती. चिखलात लोळणारा हा ओंगळ प्राणी कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवून कसा काय झोपेल, असा प्रश्न त्याला पडला, कारण युनिकॉर्नला पकडण्याचा तोच एक मार्ग असल्याचे युरोपात सर्वांना ठाऊक होते.

इथे माझ्या आईने विनाकारण तोंड घातले. “अरे, ही तर आपल्या ऋष्यशृंगाची गोष्ट,” असे म्हणून तिने अंगदेशातला दुष्काळ, राजा रोमपाद, अरण्यात वाढलेला आणि स्त्री कधीही न पाहिलेला शिंगवाला ऋषिकुमार आणि त्याला भुलवून नगरात आणणाऱ्या गणिका (तिच्या सभ्य आवृत्तीत ‘काही बायका’) असे सारे आख्यान रंगवून सांगितले. या दोन कथांचे नाते विद्वानांनीही जोडलेले आहे. कन्येची शंका वेगळीच होती: ऋषींचे शिंग चमकायचे का? आजीने क्षणाचाही विलंब न लावता चमकायचे म्हणून सांगितले. माझी बाजू तिथेच लंगडी पडली.

केक आणण्याचा प्रसंग स्वतंत्र लिहिण्याजोगा आहे. फाँडंटच्या, म्हणजे साखरेच्या लगद्याच्या, दोन लांब वळ्या काडीभोवती पीळ देत गुंडाळून, वाळवून, वर सोनेरी भुकटी फासली की शिंग तयार होते. ते जड असल्यामुळे केकवाला ते केकवर बसवून देत नाही. “शिंग वेगळ्या डब्यात देतो, घरी गेल्यावर खोचा. रस्त्यात खड्डा लागला तर कपाळ फाटतं.” कोणाचे कपाळ, याचा खुलासा त्याने केला नाही. पत्नी स्कूटर चालवत होती, केक पुढे पायांशी ठेवला होता आणि मी मागे बसून शिंगाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीकडच्या अशा शिंगाची किंमत दहा हजार पौंड केली जात असे. त्याच्या पहारेकऱ्यांनी यापेक्षा अधिक काळजी घेतली असेल, असे मला वाटत नाही.

समारंभात मोठ्यांनीही शिंग घातलेच पाहिजे, असा फतवा निघाला. शिंगे मोडून वासरांत शिरणारे पुष्कळ पाहिले होते. मला ते शिंग लावून शिरावे लागले. स्कॉटलंडच्या राजचिन्हातला युनिकॉर्न साखळदंडाने जखडलेला असतो. माझ्या हनुवटीखाली इलॅस्टिक होते आणि ते काचत होते.

राणीच्या त्या शिंगासारखी शिंगे खरी कोठून येत, हे मी मुद्दाम रात्रीसाठी राखून ठेवले होते. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात नारव्हाल नावाचा देवमाशाच्या जातीतला प्राणी राहतो. त्याच्या नराचा डावा दात वरचा ओठ फोडून पीळ खात अडीच-तीन मीटर वाढतो, आणि तोच दात व्यापारी युनिकॉर्नचे शिंग म्हणून विकत. डेन्मार्कच्या ओले वर्म या वैद्याने 1638 मध्ये हे उघडकीस आणले. तेवढ्यावर न थांबता त्याने पाळीव प्राण्यांना विष पाजून वर त्या दाताची पूड दिली, आणि ते बरे झाल्याची नोंद केली! शिंग खोटे ठरले, गुण मात्र शाबूत राहिला. पुढे त्याच डेन्मार्कात राजांचा अभिषेक ज्या सिंहासनावर होऊ लागला, ते याच दातांचे घडवलेले आणि युनिकॉर्नच्या शिंगांचे म्हणून मिरवलेले होते. 1671 साली, म्हणजे वर्मच्या शोधानंतर तेहेतीस वर्षांनी.

कन्येने हे सारे डोळे विस्फारून ऐकले आणि विचारले, “म्हणजे पाण्यातला पण युनिकॉर्न असतो?”

पुढच्या वर्षीची थीम ठरली आहे. केकवाल्याला आगाऊ विचारून ठेवावे म्हणून मी त्याला नारव्हालचे छायाचित्र दाखवले. ते त्याने आडवे-उभे करून पाहिले आणि मान हलवली. “आडव्या शिंगाला आधार मिळत नाही साहेब. मासा उभा चालेल का?”