बत्तीस लाखांत श्रीमंत होण्याचा मार्ग, व्हाया कांजूरमार्ग

परवा रविवारी सकाळी कढईत पोहे होते आणि हातात फोन. एजंटचा मेसेज आला. 'सर, ॲग्रीमेंट रिन्यूअल ड्यू आहे. ओनर दहा टक्के वाढ बोलतायत. ब्रोकरेज नेहमीप्रमाणे एक महिना.' खाली जोडलेले दोन हात. पोहे करपले. करपलेले पोहे खाता खाता वाटलं, की मुंबईत येऊन अकरा महिन्यांत आपल्याला एवढं शहाणपण आलंय, ते एकट्यानं भोगणं बरं नव्हे. नाशिकहून, कोल्हापूरहून, लातूरहून रोज कुणी ना कुणी मोठ्या पॅकेजवर मुंबईला निघालेलं असतंच. त्यांच्यासाठी या काही अनुभवसिद्ध युक्त्या.

पहिली गोष्ट आकड्याची. आकडा कायम वर्षाचा सांगायचा आणि सीटीसीचा, म्हणजे कंपनी आपल्यावर करते त्या एकूण खर्चाचा सांगायचा. महिन्याला खात्यात काय पडतं ते सख्ख्या भावालासुद्धा सांगायचं नाही. मी बत्तीस लाख सांगितले. आमच्या मामांनी बारशाच्या पंगतीत तिथल्या तिथे भागाकार केला. 'म्हणजे महिना दोन लाख सहासष्ट हजार! भाच्या, जिंकलास.' जिलबी वाढणारा मुलगासुद्धा थांबून माझ्याकडे बघायला लागला.

आता ते जिंकलेलं पत्र उघडून बघू. बत्तीसपैकी ४ लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं वर्ष बरं गेलं, साहेबांचं पोट बरं असलं आणि पाऊस वेळेवर पडला तर मिळणारे. १ लाख जॉइनिंग बोनस, वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करायचा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १ लाख ४४ हजार. ग्रॅच्युइटी ५८ हजार, पाच वर्षं टिकलो तर दिसणारी. विमा आणि जेवणाची कुपनं मिळून ४८ हजार. राहिले साडेचोवीस लाख. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ, नव्या कररचनेप्रमाणे वर्षाचा तीन लाखांहून जास्त आयकर आणि व्यवसाय कर गेला, की महिन्याला खात्यात १ लाख ६६ हजार. मामांच्या भागाकारापेक्षा बरोब्बर एक लाख कमी. मामांना हे सांगायला जाऊ नये. त्यांचा तेवढाच आनंद.

(व्यवसाय करावर मात्र माझा जीव आहे. राज्यघटनेनंच वर्षाला २,५०० ची मर्यादा घातलेली. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. मलबार हिल असो की मालेगाव, पगारदाराला सारखाच. इतकी समता मला दुसऱ्या कुठल्या कपातीत दिसलेली नाही.)

दुसरी युक्ती अशी, की आधीचं गाव विसरायचं. नाशिकला गंगापूर रोडला आमचा टू बीएचके होता, भाडं १६ हजार. खाली गाडीला जागा, वर पापड वाळवायला गच्ची. हातात ९५ हजार यायचे. बायको शाळेत शिकवायची, तिचे २८ हजार वेगळे. महिनाअखेरीला चाळीसेक हजार उरायचे आणि त्याचं काही कौतुकही वाटायचं नाही. पॅकेज चौदाचं होतं. चौदावरून बत्तीस म्हणजे दुपटीहून जास्त, असं इथल्या एचआरच्या मुलीनं फोनवर सांगितलं आणि वर 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणाली.

घरात येणारे पैसे १ लाख २३ हजारांवरून १ लाख ६६ हजारांवर गेले. वाढ ४३ हजार. भाडं १६ हजारांवरून ७२ हजारांवर गेलं. वाढ ५६ हजार.

आकडेमोड इथेच थांबवावी. पुढे मुलाच्या शाळेची फी आहे.

बायकोची नोकरी गेली त्याचं काय, असं कुणी विचारलंच तर 'मुंबई आहे, तिला काय, उद्या मिळेल' असं म्हणायचं. हे वाक्य मी वर्षभर म्हणतोय. अजून झिजलेलं नाही.

कोथिंबिरीची जुडी पंचवटीत घ्यावी, पवईत फक्त बघावी.

बंगळुरूची ऑफर आली असेल तर आधी अनामतीची सोय करा. दहा-दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची तिथली जुनी रीत, आणि घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिना कापायची त्याहून जुनी.

पुण्यात बाणेरला राहत असाल तर सोसायटीच्या टँकरचं बिल भरताना हे आठवून हसा, की घरभाडे भत्त्याच्या नियमात वर्षानुवर्षं मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही चारच शहरं महाग धरली जायची. पुणे स्वस्तात जमा. पेन्शनरांचं गाव ना ते!

भाचा कॅलिफोर्नियात असेल तर त्याचा पगार रुपयांत सांगावा. भाडं सांगूच नये.

आता एजंटकडे येतो. या युक्तीला थोडी जास्त जागा लागेल, माफ करा.

एजंट हा आपला हितचिंतक असतो, हे पहिल्यांदा मनावर बिंबवायचं. गेल्या वर्षी या गृहस्थांनी मला हे घर दाखवलं. मीटर बंद होतं म्हणून मोबाइलच्या टॉर्चवर दाखवलं. मी घड्याळ बघितलं होतं, चौदा मिनिटं लागली. त्यात बाथरूमचा नळ गळत होता. 'ओनर करून देतील सर' म्हणाले. चौदा मिनिटांचे ७२ हजार घेतले, ठीक आहे, मी नवखा होतो, घर शोधून दिलं त्यांनी. या वर्षी त्यांनी काय केलं? मेसेज केला. घर तेच, मी तोच, ओनरचा नंबर माझ्याकडे, दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं मी थेट त्यांना यूपीआयनं पाठवतो, नळ अजून गळतोय. आणि हे म्हणतात, ब्रोकरेज नेहमीप्रमाणे! नेहमीप्रमाणे म्हणजे कधीप्रमाणे? मला इथे येऊन अकरा महिने झालेत. फोन करून विचारलं तर म्हणाले, 'सिस्टिम आहे सर.'

वाढीव भाडं ७९,२००. म्हणजे ब्रोकरेजही ७९,२००.

आणि हे अकरा महिन्यांचं खूळ काढलं कुणी? वर्षाच्या आतला करार नोंदवायला लागत नाही, या जुन्या पळवाटेतून आलेला तो आकडा. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर त्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे अकरा महिन्यांनी नोंदणी टळत नाही. टळत नाही तर मग अकराच का? छत्तीस का नाही? तर दर अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढवता यावेत म्हणून, आणि दर अकरा महिन्यांनी या माणसाला जोडलेले हात पाठवता यावेत म्हणून!

सरकार काय घेतं ऐका. या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास. नोंदणी फी एक हजार. तेवढ्यात सरकार कागद कायमचा जपून ठेवतं. अंगठ्याचं मशीन घेऊन एक पोरगा घरी येतो, सोफ्यावर बसून लॅपटॉप मांडीवर घेतो, माझ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून तीनदा ओल्या फडक्यानं पुसायला लावतो, पाणी मागतो आणि जातो. त्या पोराला मी आनंदानं पैसे देतो, काम करतो तो. आणि ७९ हजार कुणाला, तर मेसेज टाइप करणाऱ्याला. महिनाभर मी विक्रोळीच्या ऑफिसात रात्री नऊपर्यंत ड्रॉइंगं तपासायची आणि त्यातले पंधरा दिवस या माणसासाठी! पंधरा दिवस!

असो. युक्त्यांकडे वळू.

दर शनिवारी नाशिकला जावं. भिवंडी बायपासच्या कोंडीत चिंतन फार छान होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात मुलुंडचा टोल छोट्या गाड्यांना माफ झाला, गेल्या काही वर्षांत स्वस्त झालेली मला आठवणारी ती एकच गोष्ट. पण तो आनंद समृद्धीच्या टोलनाक्यापर्यंतच टिकतो.

आणि खोटं बोलायची सवय लावून घ्या. दोन्ही दिशांनी लागते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी एकदा कणीक मळता मळता विचारलं, 'दादा, या घराचं भाडं किती हो?' त्या कांजूरलाच एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत चौघं राहतात, नऊ हजार देतात. मी पंचेचाळीस सांगितले. त्यावरही त्यांचा हात परातीत थांबला. 'बाई गं,' म्हणाल्या, 'मग उरतं काय तुम्हाला?' पगार बत्तीस लाखांचा आणि कीव माझी पोळ्यावाल्या ताईंनी करावी! मला तर त्यांच्यासमोर रडायचाही हक्क नाही, हे मलाही कळतं. मामांना मात्र मी वरचा आकडा सांगितला होता. खालच्यांना कमी सांगायचं, वरच्यांना जास्त, आणि मधल्या मध्ये बायकोला म्हणायचं, या महिन्यात जरा सांभाळून.

बस झालं. उपरोध गेला खड्ड्यात.

कंपन्यांनो, पत्राच्या पहिल्या पानावर महिन्याला खात्यात किती पडणार तो एक आकडा लिहायला तुमची शाई संपते का? पॉवरपॉइंटमध्ये गाडीभर आलेख काढता, आणि माणूस गाव सोडून, बायकोला नोकरी सोडायला लावून, पोराची शाळा बदलून येतो, तर त्याला ग्रॅच्युइटी पगारात मोजून दाखवता. लबाडी आहे ही. दुसरं नाव नाही तिला.

आणि आपण? आपण काय कमी आहोत? ते ऑफर लेटर फॅमिली ग्रुपवर कुणी टाकलं? मीच टाकलं. पासष्ट अंगठे आले, मला बरं वाटलं. 'भाडं किती' हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला रागच आला असता. लग्नं जमवताना आपण पॅकेज विचारतो, शहर विचारतो, आणि दोन्ही मोठी असली की पेढे मागवतो. मुलगी नोकरी सोडून येणार, तिचा पगार बेरजेतून जाणार, हे कुणाच्या हिशेबात असतं? चौदा लाखांवर नाशकात सुखानं राहणाऱ्या माझ्या मित्राला त्याचे वडील रोज माझं उदाहरण देतात. अहो, द्यायचं असेल तर पूर्ण द्या! त्यात माझं बँकेचं पासबुक पण दाखवा. त्या पोराच्या खात्यात माझ्या तिप्पट शिल्लक आहे आणि संध्याकाळी सहाला तो बॅडमिंटन खेळतो.

परवा मावसभावाचा फोन आला, 'दादा, मुंबईत चोवीसची ऑफर आहे, घेऊ का?' मी त्याच्यावर खेकसलोच. बायकोच्या नोकरीचं काय ठरवलंस? घर कुठे बघितलंस, भाडं किती, महिन्याला हातात किती? एकाचंही उत्तर नव्हतं त्याच्याकडे. पेढे मात्र वाटून झाले होते.

मामांनी बारशानंतर बाजूला घेऊन पाच लाख हातउसने मागितले होते. प्लॉटला कुंपण घालायचंय म्हणाले, तुला काय जड आहे. मी 'बघतो' म्हटलं आणि तेव्हापासून त्यांचे फोन टाळतोय. तर मामा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. पाच लाख नाहीत माझ्याकडे. तीन आहेत, आणि ते घरमालकाकडे अनामत म्हणून पडलेत, बिनव्याजी.